मुक्तांगणच्या डॉ. अनिता अवचट

नंदुरबारहून पुण्याकडे जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातील पाड्यावरून निघणाऱ्याला तर आधी नंदुरबार गाठण्यातच निम्मा दिवस खर्ची घालावा लागतो. घरातील कर्त्या माणसाचे व्यसन सोडवण्यासाठी एखादे कुटुंब एवढी यातायात करायला तयार होते, तेव्हा त्याच्या मनात बहुधा एकच अपेक्षा असते. माणूस तेथे नेऊन सोडायचा आणि महिना-दीड महिन्याने बरा झालेला परत आणायचा. पुढे पदरी येणाऱ्या निराशेचे बीज पुष्कळदा या समजुतीतच असते. उपचाराच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी काय जाणून घ्यावे, हे ज्यांच्या कामातून महाराष्ट्राला उमगत गेले, त्या मनोविकारतज्ज्ञ म्हणजे पुण्याच्या डॉ. अनिता अवचट.

सुनंदा आणि अनिता या दोन्ही नावांनी त्या ओळखल्या गेल्या. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांची अनिल अवचट या सहाध्यायाशी ओळख झाली आणि पुढे दोघांनी विवाह केला. अनिल अवचट डॉक्टर झाले खरे, पण त्यांचा ओढा लेखनाकडे आणि सामाजिक प्रश्नांकडे होता. कष्टकऱ्यांच्या, उपेक्षितांच्या वस्त्यांमधून हिंडावे, त्यांचे जगणे समजून घ्यावे आणि ते लिहावे, हा त्यांचा मार्ग होता. या मार्गावर मिळकत बेताचीच. संसाराचा आर्थिक भार अनिताताईंनी उचलला. त्या नोकरी करीत आणि अनिल अवचट घर व मुक्ता, यशोदा या दोन मुलींना सांभाळीत. पुरुषाने मिळवावे आणि बाईने रांधावे असा रिवाज असलेल्या काळात या दाम्पत्याने स्वीकारलेली ही विभागणी वेगळी होती. तिचा गाजावाजा न करता अनिताताईंनी ती निभावली. एका लेखकाला मुक्तपणे लिहिता आले, त्यामागे एका डॉक्टरचा पगार उभा होता, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही नोंद घ्यावी अशी आहे.

अनिताताईंचे कार्यक्षेत्र होते येरवड्याचे मनोरुग्णालय. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी येरवड्याचे रुग्णालय आकाराने फार मोठे. अशा ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरला आजारापेक्षाही अवघड अशा एका गोष्टीशी रोज झुंजावे लागते, ती म्हणजे समाजाने रुग्णाकडे फिरवलेली पाठ. घरची माणसे रुग्णाला आणून सोडतात आणि पुढे भेटायलाही येत नाहीत, हे दृश्य त्या काळी अपवादाचे नव्हते. कायदाही जुनाच होता. ब्रिटिश अमदानीतील १९१२ चा कायदा १९८७ मध्ये बदलला गेला आणि नव्या कायद्याची अंमलबजावणी प्रत्यक्षात १९९३ मध्ये सुरू झाली. मानसिक रुग्ण म्हणजे समाजापासून दूर ठेवण्याची व्यक्ती, अशी जुन्या व्यवस्थेची धारणा होती. या व्यवस्थेच्या आत राहून अनिताताईंनी नोकरी केली.

ऐंशीच्या दशकात मुंबईपाठोपाठ पुण्यातही ब्राऊन शुगर नावाचे विष शिरले. हेरॉईनचा हा भेसळयुक्त, स्वस्त प्रकार. व्यसनी मंडळींच्या भाषेत त्याला गर्द म्हणत. चांदीच्या कागदावर पूड ठेवायची, खालून काडी पेटवायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. थोड्या दिवसांतच शरीर त्याचे गुलाम होते. मग पुडी मिळाली नाही की अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, रात्र-रात्र झोप लागत नाही. या अवस्थेला व्यसनी मुले टर्की म्हणत. शाळा-महाविद्यालयांतील मुले या फेऱ्यात सापडू लागली, घरातील वस्तू विकू लागली, आईवडील हवालदिल झाले. अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा १९८५ मध्ये आला. तो पुडी विकणाऱ्याला शासन करू शकत होता, पण पुडीच्या आहारी गेलेल्या मुलाला त्यातून बाहेर कसे काढायचे, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नव्हते.

अनिल अवचट यांनी या विषयाचा छडा लावून लेखमाला लिहिली. ती पुढे ‘गर्द’ या पुस्तकाच्या रूपाने वाचकांसमोर आली. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. केवळ हळहळ व्यक्त करून न थांबता त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले आणि अवचट दाम्पत्याने व्यसनमुक्ती केंद्र काढावे असे सुचवले. मनोरुग्णालयाच्या आवारातील इमारतीत २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. लेखणीने प्रश्न मांडला, दात्याने बळ दिले, परंतु रोजच्या रोज रुग्णांच्या खाटेशी उभे राहून उपचार उभारण्याची जबाबदारी अनिताताईंच्या वाट्याला आली.

गर्दच्या व्यसनावर काय करावे याचा तयार नमुना तेव्हा महाराष्ट्रात फारसा कोणापुढे नव्हता. टर्कीचे दिवस औषधांनी सुसह्य करता येतात, साधारण आठ-दहा दिवसांत शरीर सावरते, हे वैद्यकशास्त्र सांगत होते. पण शरीर सावरलेला मुलगा घरी जातो आणि काही दिवसांतच पुन्हा पुडीकडे वळतो, हाही अनुभव येत होता. याचा अर्थ उघड होता. औषधाने विष उतरते, ओढ उतरत नाही. ती ओढ ज्या रिकामेपणातून, भीतीतून, संगतीतून किंवा घरातील ताणातून येते, तेथवर पोहोचायचे तर बोलण्याचा आणि ऐकण्याचा उपचार हवा. मुक्तांगणची पद्धत या जाणिवेतून आकाराला आली. साधारण पाच आठवड्यांचा निवासी काळ, त्यात सुरुवातीला औषधोपचार, नंतर ठरलेला दिनक्रम, योगासने, साफसफाईची व स्वयंपाकघरातील कामे, संगीत, गटचर्चा आणि प्रत्येकाशी स्वतंत्र समुपदेशन. येथे येणाऱ्याला रुग्णमित्र म्हणण्याची प्रथा पडली. शब्द लहान, पण उपचार करणारा आणि करवून घेणारा यांच्यातील उंचीचा फरक त्याने पुसून टाकला.

अनिताताईंच्या कामाचा गाभा या नात्यात होता. व्यसनी माणूस खोटे बोलतो, चोरी करतो, शब्द मोडतो. त्याच्यावर विश्वास ठेवणे हा मूर्खपणा आहे, असे अनुभवी माणसेही म्हणत. मारझोड करणारी, बांधून ठेवणारी, देवाच्या नावाने शपथा घालणारी ठिकाणे तेव्हा होती आणि आजही ती पूर्णपणे नाहीशी झालेली नाहीत. मुक्तांगणने याच्या उलट जाण्याचे ठरवले. व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा डाग नव्हे, हे तत्त्व भिंतीवर लिहून भागत नाही, ते वागणुकीत उतरावे लागते. रुग्णमित्र त्यांना मॅडम म्हणत, आणि ज्या माणसावर घरातील कोणीही विश्वास टाकायला तयार नसे त्याच्यावर या मॅडम काम सोपवीत. व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णमित्रच पुढे केंद्राचे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्याने दाखल झालेल्याला ज्याची टर्की उतरलेली नाही अशा अवस्थेत धीर देणारा माणूस स्वतः त्यातून गेलेला असे. हा धीर पुस्तकी ज्ञानाने येत नाही.

समूहाच्या या सामर्थ्याला जगभरात आधार आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ जन्माला आली. नाव-गाव न विचारता, फी न आकारता, आपल्यासारख्याच माणसांसमोर मन मोकळे करायचे, ही तिची रीत. नंदुरबार जिल्ह्याला तर यासाठी अमेरिकेकडे पाहण्याचेही कारण नाही. तळोदा तालुक्यातील मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी १९३७-३८ च्या सुमारास आरतीसाठी आदिवासी बांधवांना एकत्र आणले आणि त्या मेळ्यांमधून असंख्यांनी दारू सोडली. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले, तरी त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. श्रद्धेचा मार्ग आणि मनोविकारशास्त्राचा मार्ग वेगळे आहेत. परंतु एकटा माणूस जे सोडू शकत नाही ते दहा जणांच्या सोबतीने सोडू शकतो, हे सत्य मोरवडच्या आरतीत आणि येरवड्याच्या गटचर्चेत सारखेच आहे.

मुक्तांगण सुरू झाले गर्दसाठी, पण काही काळाने दारूच्या रुग्णांची संख्या वाढत गेली. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे तर गावोगावी होती. दारूचे व्यसन सोडवताना एक धोका असतो आणि तो उपचारापूर्वी प्रत्येक कुटुंबाने जाणून घेतला पाहिजे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर हात थरथरणे, घाम सुटणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार दोन-तीन दिवसांत घडू शकतात आणि क्वचित ते जिवावरही बेतते. म्हणून खोलीत कोंडून दारू तोडण्याचा घरगुती प्रयोग करू नये. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली जावा लागतो. दुसरा धोका गुपचूप देण्याच्या औषधांचा. रुग्णाच्या नकळत चहात किंवा भाजीत मिसळायची पूड सर्रास विकली जाते. अशा पुडीत काय असते हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. दारूवरील एक प्रचलित औषध असे आहे की, ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब घसरून प्राणावर बेतू शकते. ते रुग्णाला माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यावयाचे असते. शिवाय फसवून दिलेल्या औषधाने घरातील उरलासुरला विश्वासही जातो, आणि बोलण्याच्या उपचाराचे भांडवल तर विश्वास हेच असते.

अनिताताईंच्या कामाचा दुसरा मोठा विशेष म्हणजे कुटुंबाकडे पाहण्याची दृष्टी. व्यसनी माणसाबरोबर त्याचे घरही आजारी पडते. पत्नी नवऱ्याची उधारी फेडते, साहेबाला तो तापाने फणफणला आहे असे खोटे सांगते, मुलांना गप्प बसवते. हे सारे ती प्रेमापोटी आणि लाजेपोटी करते, पण त्यामुळे व्यसनाचे परिणाम व्यसनी माणसापर्यंत पोहोचतच नाहीत. दुसऱ्या टोकाला सतत टोचून बोलणे, पाळत ठेवणे, खिसे तपासणे हेही उपयोगाचे नसते. या दोन टोकांमधली वाट पत्नींनी एकमेकींच्या आधाराने शोधावी, यासाठी मुक्तांगणमध्ये ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. येथे येणाऱ्या स्त्रीला प्रथमच कळे की, हे आपल्याच घरात घडत नाही आणि नवरा पितो यात आपला दोष नाही. नवऱ्याच्या उपचारापूर्वी तिला स्वतःला मोकळे होण्याची गरज असते, हे त्यात मान्य केले गेले. स्त्रियांच्या व्यसनासाठी स्वतंत्र विभागही संस्थेत पुढे सुरू झाला.

घसरण हा व्यसनमुक्तीतील सर्वांत नाजूक विषय. महिनोन्‌महिने दूर राहिलेला माणूस एखाद्या लग्नात, एखाद्या भांडणानंतर, कधी आनंदाच्या भरात पुन्हा प्याला उचलतो. याला मुक्तांगणच्या बोलीत स्लिप म्हणतात. अशा वेळी घरचे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. स्वतः रुग्ण लाजेने तोंड लपवतो आणि त्या लाजेवर पुन्हा दारूचाच उतारा घेतो. मधुमेही माणसाची साखर एकदा वाढली म्हणून कोणी उपचार सोडत नाही, तोच न्याय येथे लावावा लागतो. केंद्रातून घरी गेल्यावर ठरलेल्या दिवशी पाठपुराव्यासाठी येणे हे म्हणूनच उपचाराचे शेपूट नसून त्याचा मोठा भाग आहे. दाखल करताना किती दिवस ठेवणार एवढेच विचारणाऱ्या नातेवाइकांनी, परत आल्यावर पाठपुरावा कोठे आणि किती काळ करायचा, हेही विचारले पाहिजे.

हे काम ऐन भरात असतानाच अनिताताईंना कर्करोगाने गाठले. ज्यांनी आयुष्यभर इतरांना आजार स्वीकारायला शिकवले, त्यांच्यावर आता तो स्वतः स्वीकारण्याची वेळ आली. उपचारांच्या यातना सोसत, बऱ्या-वाईट दिवसांच्या हिंदोळ्यावर त्यांनी पुढील वर्षे मुक्तांगणचे काम सोडले नाही. रुग्णमित्रांना धीर देणारी बाई स्वतः मृत्यूच्या छायेत आहे, हे तेथील प्रत्येकाला दिसत होते. आज या दिवसापुरते दूर राहायचे, उद्याचे उद्या पाहू, हा व्यसनमुक्तीतला धडा त्यांच्या आचरणातून अधिक खोलवर उतरला असला पाहिजे. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे संस्था टिकली, वाढली. येरवड्याच्याच परिसरात तिची स्वतंत्र वास्तू झाली. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन संचालकपदाची धुरा सांभाळली. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकातून हा प्रवास नोंदवून ठेवला. २७ जानेवारी २०२२ रोजी तेही गेले. अनिताताईंच्या स्मरणार्थ संघर्षातून उभ्या राहिलेल्या व्यक्तींचा सन्मान करण्याची परंपरा संस्थेने जोपासली आहे.

दरम्यान कायदाही बदलला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था त्याच्या कक्षेत येतात. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास या कायद्याने मनाई आहे. आपला आजार आणि उपचार याची माहिती मिळणे, ती गोपनीय राहणे, आपली वैद्यकीय कागदपत्रे पाहता येणे हे रुग्णाचे हक्क ठरले आहेत. येरवड्याच्या आवारात जे तत्त्व माणुसकी म्हणून पाळले गेले, त्याला अशा रीतीने कायद्याचे अधिष्ठान मिळाले. एखादे केंद्र नातेवाइकांना रुग्णाची भेटच घेऊ देत नसेल, कोणते औषध देतो हे सांगत नसेल, तेथे मनोविकारतज्ज्ञाचा पत्ता नसेल किंवा शंभर टक्के हमी देत असेल, तर तेथून माघारी फिरावे.

कोणाकडे जायचे याबाबतही घोळ असतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि तो औषधे देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो आणि बोलण्याचे शास्त्रशुद्ध उपचार करतो, पण औषधे देत नाही. समुपदेशक मन मोकळे करायला आणि पुढची वाट ठरवायला मदत करतो. व्यसनात बहुधा या तिघांचीही गरज पडते. पहिल्या भेटीत सारे काही सांगून टाकलेच पाहिजे असे नाही. मात्र रोज किती घेतो, कधीपासून, याआधी सोडताना झटके आले होते काय, इतर कोणती औषधे चालू आहेत, या चार गोष्टी लपवू नयेत. एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा मागण्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

नंदुरबारच्या रहिवाशाला यातील प्रत्येक पायरी थोडी अधिक उंच असते. सातपुड्यात मोह हे अन्न आहे, औषध आहे आणि देवकार्यातील मानाचा भागही आहे. म्हणून सरसकट निंदेचा सूर लावणाऱ्यापुढे तेथील माणूस मन उघडत नाही. पूजेतला थेंब आणि सकाळी डोळे उघडताच लागणारा प्याला यांतला फरक समजून घेणारा समुपदेशक त्याला हवा असतो. दुसरी अडचण भाषेची. पावरी, भिली किंवा अहिराणीत वाढलेल्या माणसाला प्रमाण मराठीत दुखणे सांगता येते, दुःख सांगता येत नाही. सोबत दुभाषी नेताना तो विश्वासातला असावा आणि ऐकलेले गावात बोलणार नाही याची खात्री करून घ्यावी. पुण्याची गाडी पकडण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयात मनोविकाराविषयी चौकशी करावी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते. दूरच्या केंद्रात दाखल व्हायचेच असेल, तर परतल्यावरचा पाठपुरावा जवळ कोठे होईल हे निघण्याआधी ठरवून घ्यावे.

अनिताताईंनी मोजकी वर्षे हे काम केले. त्या काळात उपचार म्हणजे माणूस दुरुस्तीला टाकणे, ही समजूत त्यांनी आपल्या कृतीने खोडून काढली. रुग्णाची संमती, घराची साथ आणि समदुःखी माणसांची सोबत या तिन्ही गोष्टी जुळल्या की औषधाला गुण येतो. यातील एक जरी सुटली तरी रात्रभराचा प्रवास करून गाठलेले दारही परके राहते. ते दार आपले वाटावे म्हणून एका डॉक्टरने आपले आरोग्य आणि आयुष्य वेचले. नंदुरबारहून निघणाऱ्या कुटुंबाने गाठोड्यात औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या बांधून घ्याव्यात, तशीच ही जाणीवही सोबत घ्यावी.